सरांची पापणी

मल्लिनाथ सरांच्या कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जावं लागे. मला एकट्याला पायही धुवावे लागत, कारण मी सकाळी सायकलवर टॉवेल विकून थेट कॉलेजात यायचो. सोलापुरात तेव्हा कॉम्प्युटर नुकते आले होते आणि सर त्यांचे पुजारी होते. मशीन अडलं की बँकवालेसुद्धा त्यांनाच बोलावत. मी कीबोर्डला हात लावला की ओरडायचे, "हात मागं घे बे! मशीन म्हणजे नोकर असतंय. आपण सांगायचं, त्यानं ऐकायचं. तुला सांगता येतंय का?"

ते मी अजून विसरलेलो नाही. आज माझं चादरींचं दुकान आहे आणि निम्मा धंदा फोनवर चालतो. सर मात्र निवृत्तीनंतर या सगळ्यापासून असे तुटले, की फोनला "पोरांचं खेळणं" म्हणून हातही लावीनात.

मागच्या महिन्यात त्यांच्या पत्नीचा, महादेवीकाकूंचा फोन आला. "पेन्शन थांबलीय रे. जिवंत असल्याचा दाखला फोनवर द्यायचाय, तर हे ऐकंनात. माझ्या गोळ्या संपत आल्यात की."

गेलो. फोन सरांच्या तोंडासमोर धरला. पडद्यावर सूचना आली, पापण्या मिटा. सर टक लावून बसले.

"मिटा की, सर."

"मशीन मला सांगणार? आन् डोळे मिटले तर जिवंत, उघडे ठेवले तर मेलेला? कुठल्या गाढवानं लिहिलाय हा प्रोग्राम?"

प्रश्न बिनतोड होता. पापणी आपोआप लवेल म्हणून मी थांबलो, तर लवायची वेळ आली की सर मान फिरवत. फोन पुन्हा पहिल्यापासून सुरू.

माझं डोकं तापलं. "दुकान सोडून आलोय, सर! काकूंच्या गोळ्या तुमच्या हट्टापायी अडल्यात!"

सरांचा चेहरा पडला, पण डोळे तस्सेच उघडे. मग माझ्या तोंडून दुकानातलंच निघालं, "बरं, दोन्ही नको. एकच मिटा. अर्ध्यात सौदा करू."

सर एकदम हसत सुटले. इतक्या वर्षांत त्यांना हसताना मी प्रथमच पाहिलं. हसता हसता दोन्ही डोळे मिटले आणि फोनने दाखला घेतला.

काकूंनी देवाला हात जोडले. मला वाटलं, सर निदान मला चहा तरी विचारतील. ते म्हणाले, "तू फोन हलवत होतास बे. म्हणून उशीर झाला."

पेन्शन सुरू झाली. आता सर गल्लीत माझ्याबद्दल सांगत असतात, "त्याला फोन नीट धरायला मीच शिकवलं."