पावलीएवढा बादशहा

नाणी जमवणाऱ्याकडं नाणी कमी आणि गोष्टी जास्त साठतात, हे मला फार उशिरा कळलं. नाणी डबीत गप राहतात. गोष्टी मात्र चार माणसं बसली की आपोआप बाहेर पडतात. आमची तर चारच माणसं होती, त्यामुळं सोयच झाली.

मी इंदापूरच्या शाळेत भूगोल शिकवायचो. युरोपचा नकाशा पाठ, एवढ्या भांडवलावर परदेशी नाण्यांच्या या मंडळात माझी वर्णी लागली. दुसरे बारामतीचे कासमभाई. त्यांचं बांगड्यांचं दुकान. मालासाठी मुंबईला गेले की तिथल्या जुन्या बाजारातून नाणी उचलून आणायचे. तिसरे आप्पा सोनार. त्यांच्या इंदापुरातल्या दुकानात आम्ही दर बाजारच्या दिवशी जमायचो. आणि चौथे लासुर्ण्याचे तात्या, मोठ्या लढाईत इटलीपर्यंत जाऊन आलेले सुभेदार. आमच्या तिघांकडं होती ती चांदी. सोनं फक्त तात्यांकडं: ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली तेव्हा पाडलेलं, पावलीएवढं नाणं.

ते खरंच सोन्याचं आहे का, हा मंडळापुढचा एकमेव गंभीर प्रश्न होता. आप्पांनी कसोटीच्या दगडावर एकदा घासलं असतं की निकाल लागला असता. पण तात्यांची सक्त ताकीद होती, "आप्पा, हातात धर, बघ, पर कस लावायचा न्हाय."

"का वो तात्या?"

"बादशाच्या नाकाला वरखडा पडंल."

यापुढं कुणाचं काही चालत नसे.

*

माझं पहिलं नाणं कासमभाईंनी आणलं. जर्मनीतल्या कुठल्याशा राजाराणीच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, त्याच्या आठवणीचं. चांदीचं, दोघांचे चेहरे एकामागं एक. मी ते आप्पांकडं नुसतं दाखवायला ठेवलं आणि शाळा तपासणीच्या गडबडीत आठवडाभर विसरलो.

पुढच्या बाजारी गेलो तर नाणं चकाचक. चिंच-रिठ्यानं घासून त्याच्या अंगावरचा जुनेपणा साफ काढून टाकलेला. आणि राजाच्या टाळूवर डाख देऊन एक सुबक कडी बसवलेली.

"आप्पा, हे काय केलंत?"

"कडी लावली. पैसं नगं तुमच्याकडनं."

"अहो, हे नाणं बघायचं असतं."

"मग गळ्यात घातल्याबिगर दिसंल कसं?" आप्पा म्हणाले.

मी दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या सौभाग्यवतींनी ते काळ्या दोऱ्यात ओवलं, आणि खरं सांगतो, दिसलं छान.

*

बायकांच्या गळ्यातली पुतळी ही मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याची नक्कल, असं मी कुठंतरी वाचलं आणि मंडळात सांगून टाकलं. शिक्षकाला सवयच असते, कळलं की सांगायचं. तात्या तसेच उठले, माझं भिंग मागून घेतलं आणि लासुर्ण्याला गेले.

त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकींच्या, गळ्यात आजेसासूपासून आलेली पुतळ्यांची माळ होती. तात्यांनी त्यांना ओसरीवर उजेडात बसवलं आणि एकेक पुतळी भिंगातून बघायला सुरुवात केली. चुलीवर भात करपला. व्हेनिस काही सापडलं नाही.

पुढं काकी मला भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "मास्तर, तीस वर्सं संसार केला. एवढं निरखून माझ्याकडं पैल्यांदाच बघितलं, आन् त्ये बी पुतळीकडं."

*

शाळेच्या संमेलनात आम्ही नाण्यांचं प्रदर्शन मांडलं. चूक माझीच झाली. नाणी उठून दिसावीत म्हणून मी पाटावर लाल कापड अंथरलं आणि त्यावर ओळीनं मांडली. मधोमध तात्यांचा बादशहा.

पाट आणि लाल कापड दिसल्यावर आमची माणसं काय करणार? दहाच्या सुमाराला पहिली चप्पल दाराबाहेर निघाली. अकरापर्यंत हळदकुंकू पडलं. बाराला एकानं नारळ फोडला आणि पाणी नेमकं माझ्या चिठ्ठ्यांवर उडालं, त्यामुळं कुठला राजा कुठल्या देशाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही.

एक म्हातारी हात जोडून कासमभाईंना विचारती झाली, "ह्यो मधला कोन द्येव?"

"ऑस्ट्रियाचा हाय, आजी."

"नवसाला पावतो का?"

"त्ये ठावं न्हाय. पर साठ वर्सं गादीवर टिकला."

"मंग पावत आसंल," म्हातारी म्हणाली आणि तिनं हरवलेल्या म्हशीसाठी नवस बोलून टाकला.

म्हैस चौथ्या दिवशी आपल्या पायानं घरी आली. त्यापुढं दोन महिने दर बाजारी आप्पांच्या दुकानात कुणी ना कुणी ऑस्ट्रियाच्या देवाचा पत्ता विचारत यायचं.

*

शेवटी मी ठरवलं, सोन्याचा प्रश्न शास्त्रीय पद्धतीनं सोडवायचा. कासमभाईंनी व्हिएन्नातल्या एका नाणेविक्याचा पत्ता मिळवला. नाणं खरं असेल तर वजन तंतोतंत जुळलं पाहिजे. वजन करायला तात्यांची हरकत नव्हती. आप्पांनी गुंजा टाकून तोललं, सात मासे भरलं. म्हणजे छप्पन्न गुंजा.

"पण मासा आणि गुंज त्या साहेबाला काय कळणार?" मी म्हणालो.

"मग गुंजाच पाठवा की," कासमभाई म्हणाले. "त्यो त्याच्या तराजूत टाकंल आन् बघंल."

तेव्हा हे आम्हा चौघांनाही फार शहाणपणाचं वाटलं, हे कबूल करतो. छप्पन्न लालभडक गुंजा कापडी पिशवीत शिवून, इंग्रजी पत्रासह रवाना झाल्या.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. मी दुकानात मोठ्यानं वाचून मराठीत सांगितलं: "आपले लाल मणी पोचले. फार सुंदर आहेत. माझ्या पत्नीनं त्यांची माळ करून घातली. नाण्याबद्दल आपण काही लिहिलं आहे, ते समजलं नाही."

मी पत्राची घडी घातली. आप्पा तेवढे खूश.

"बगा मास्तर, तिकडं बी गळ्यातच घालत्यात."

*

त्याच संध्याकाळी तात्यांना एसटीत बसवायला मी स्टँडवर गेलो. गाडीला उशीर होता. तात्या आपण होऊन बोलायला लागले.

"मास्तर, ह्ये नानं मी दोन कांबळ्यांवर घेतलंय. एका घड्याळजीकडनं, इटलीत. एक कांबळं माझं. दुसरं माझ्या जोडीदाराचं. त्यो त्या हिवाळ्यात तितंच ऱ्हायला. मागं त्येचं कांबळं तेवढं उरलं."

मी त्यांची पिशवी माझ्या हातात घेतली.

"खोटं निघालं तर त्येचं कांबळं फुकट गेलं. म्हनून कस नगं."

मला त्या वेळी फार वाईट वाटलं, आणि गुंजांची थोडी लाजही वाटली. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही.

*

पुढच्या वर्षी तात्यांना तापानं धरलं. आठ दिवस उतरला नाही, बोलणं बंद झालं. वैद्यांनी सकाळी नाडी बघितली आणि नुसतीच मान हलवली. निरोप आला तसे आम्ही तिघं लासुर्ण्याला पोचलो.

काकींनी तुळशीपत्र आणि गंगाजळ काढून ठेवलं होतं. शेवटी तोंडात सोनं लागतं, आणि कुठलं ठेवायचं ते तात्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. काकींनी पदराआड हात घालून नाणं काढलं आणि जिभेवर ठेवलं. मी मनात म्हणालो, देवा, आता तरी हे सोनं असू दे.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तात्यांचा गाल हलला. जीभ आत काहीतरी चाचपत होती. त्यांनी डोळे उघडले, हात तोंडाशी नेला, नाणं बाहेर काढलं आणि डोळ्यांसमोर धरलं.

"आप्पा," ते आठ दिवसांनी पहिल्यांदा बोलले, "ह्याला कडी कुनी लावली?"

काकींनी पदर तोंडाला लावला. आप्पा म्हणाले, "मी लावली. तुमाला ताप आला तवा काकी घिऊन आल्या. हरवाय नगं, माळंत ओवून ठिवते म्हनल्या."

"तुला मी काय सांगितलं हुतं?"

"कस लावू नगं म्हनला हुता. कडी लावू नगं म्हनला न्हवता."

तात्यांनी कडीवरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "मंग सोनं हाय का?"

आप्पांना राग आला. बापजाद्यांपासून सोनार असलेल्या माणसाला येतो तसा.

"पितळंला मी सोन्याची कडी लावीन व्हय?"

तात्यांनी मान माझ्याकडं वळवली.

"मास्तर, कांबळं कामी आलं म्हना."

"आलं, तात्या."

"कडी टोचतीया," ते म्हणाले, "पर ऱ्हाऊ दे." आणि नाणं आपल्या हातानं पुन्हा जिभेवर ठेवून त्यांनी डोळे मिटले.