गाळातली ढेकळं

रोलर चालवणाऱ्याने खाली उतरायचं नसतं. हा मात्र दर थराला उतरायचा, गुडघ्यांवर बसून हाताने ढेकळं फोडायचा. सगळे त्याला ‘गाळणी’ म्हणत. बंद पडलेल्या खाणीचा बारीक गाळ आणून, त्यात चिकणमाती मिसळून, शहराच्या कचऱ्याच्या नव्या खड्ड्याला अस्तर घालायचं काम चाललं होतं. थरावर थर दाबून बसवायचे, म्हणजे कचऱ्याचं घाण पाणी जमिनीत मुरत नाही. ढेकूळ राहिलं की तिथून पाणी वाट काढतं, हे खरंच होतं. म्हणून त्याचं निमित्त खपून गेलं.

“अहो, खड्डा बांधताय की कणीक मळताय?” इंजिनिअर बाई ओरडायच्या.

“एक ढेकूळ महागात पडेल, बाई.”

सोळा वर्षांपूर्वी खाणीच्या गाळतळ्याचा बांध फुटला, तेव्हा त्याचा थोरला भाऊ पंपावर होता. तो सापडलाच नाही. आता तोच गाळ डंपर भरभरून येत होता आणि त्यावरून रोलर फिरवायचा होता धाकट्याने! नोकरी सोडावी, तर दुसरा कुणी न बघताच फिरवील. बिचाऱ्याची धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती. चाकाखाली कुणी कण्हतंय असं वाटून तो इंजिन बंद करायचा आणि ऐकत बसायचा.

वहिनीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “भावजी, सापडले तरी मला सांगू नका. ते कुठेतरी आहेत, एवढ्यावरच माझं चाललंय.”

शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी, एक ढेकूळ फुटता फुटेना. आत रबरी बूट निघाला. टाचेला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ होतं, ते त्यानेच लावून दिलेलं. बूट रिकामा नव्हता. त्याने अंगातला शर्ट काढून त्यावर पांघरला. बाई धावत आल्या, पण त्या दिवशी कुणी रोलर सुरू कर म्हणालं नाही.

रोज तो कोपरापर्यंत माखलेला घरी यायचा. आज हात घासून धुऊन आला. भाजी चिरणाऱ्या वहिनीने त्याच्या हातांकडे पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

“काम काय म्हणतंय?”

“चाललंय.” त्याची मान काही वर होईना.

तिने पदराला हात पुसले. मग हळूच म्हणाली, “कुठे ठेवलंत त्यांना?”

“खड्ड्याच्या बाहेर, वहिनी. वरच्या अंगाला, कोरड्यात.”