तो मळ नव्हता

मॅडमनी वर्गासमोर माझी मान धरली तेव्हा मी आठवीत होते. शाळा नागपुरातल्या हुडकेश्वरच्या रस्त्यावरची. फळ्यावर धड्याचं नाव लिहिलेलं होतं, वैयक्तिक स्वच्छता. मॅडमनी बाकांवरून नजर फिरवली आणि मला बोटानं बोलावलं. मी खूश होऊन उठले. वाटलं, धडा वाचायला सांगणार. माझं वाचन चांगलं होतं.

त्यांनी मला वर्गाकडे पाठ करून उभं केलं. माझ्या दोन्ही वेण्या पुढे टाकल्या. बाटलीतल्या पाण्यानं स्वतःचा रुमाल भिजवला आणि माझी मान घासली. एकदा. दोनदा. मग जोर लावून.

"आज आंघोळ केलीस?"

"केली, मॅडम."

"खोटं बोलू नकोस. तुमच्या वस्तीत पाणी येत नाही, की साबण येत नाही?"

वर्ग हसला. आमची वस्ती कोणती, विहाराच्या मागची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रोज माझ्या डब्यातला ठेचा खाणारी मैत्रीणही हसली. मी डोळे तिरके करून रुमालाकडे पाहिलं. रुमाल पांढरा होता. काहीच आलं नव्हतं त्यावर. मॅडमनीही पाहिलं. त्यांनी रुमालाची घडी केली आणि वर्गाला म्हणाल्या, "किती जुना मळ आहे बघा. निघतसुद्धा नाही."

त्या दिवसापासून मी माझ्या मानेचा राग करू लागले.

बाबा मी लहान असतानाच गेले होते. घरात आई, दादा आणि मी. आई कळमन्याच्या बाजारात मिरचीचे देठ खुडायला जायची. दिवसभर लाल मिरचीच्या ढिगापाशी बसायचं आणि एकेक देठ तोडायचा. संध्याकाळी घरी आली की ती हातांना तेल चोळायची, ताकात बुडवून ठेवायची. तरी आग जायची नाही. म्हणून ती आम्हाला हात लावत नसे. माझी वेणी शेजारची काकू घालायची. अंगावरचं पांघरूण आई कोपरानं सरकवायची. आईचा तळहात गालावर कसा लागतो, ते मला लहानपणी फारसं कळलंच नाही.

त्या संध्याकाळी मी मोरीत बसून रडत होते. आई कामावरून आली ती तशीच दारात थांबली.

"काहून वं रडून राहिली?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, पाण्याचं आणि साबणाचंही.  तिनं कोपऱ्यातली पाय घासायची वजरी उचलली.

"ये इकडे. आज काढूनच टाकू."

ती घासत राहिली. मी दात आवळून बसले. मलाही तो काढायचाच होता. कातडी सोलली गेली तरी आम्ही दोघी थांबलो नाही. मग पाणी टाकून आईनं हातानं मान चोळली आणि मी किंचाळले. सोललेल्या कातडीवर मिरचीचे हात. तेल नाही, ताक नाही, ती आल्या आल्याच बसली होती.

आईनं आपले हात पाहिले. मटकन मोरीतच बसली.

"अव्वो माय! मी इसरली वं. मी इसरली."

मी किती वेळ ओरडत होते आठवत नाही. आईचं रडणं आठवतं. ती हात अंगापासून लांब धरून रडत होती, डोळे पुसायलाही हात वापरता येत नव्हता तिला.

मान बरी झाली तेव्हा आधीपेक्षा जास्त काळी झाली होती.

मग ओढणी आली. गळ्याभोवती गुंडाळलेली, मे महिन्यातही. नागपूरच्या उन्हात लोक डोकं झाकतात, मी मान झाकायचे. दर रविवारी लिंबू, बेसन, खायचा सोडा, कोणी काय सांगेल ते. आईची मानही तशीच काळी होती. पण ती आई होती, तिच्या मानेकडे मी कधी नीट पाहिलंच नाही. विहारात जाताना पांढरं लुगडं नेसली की तीसुद्धा पदर गळ्याभोवती ओढून घ्यायची. आम्ही मायलेकी मान झाकून बसायचो. पंचशील म्हणतानाही माझं अर्धं लक्ष मागे कोण बसलंय याकडे असायचं.

पाळी आली आणि दोन-चार वेळा येऊन थांबली. कधी तीन महिने नाही, कधी पाच. आई म्हणायची, "येईन बाप्पा. तुह्या मावशीचंबी असंच होतं." वजन वाढलं. हनुवटीवर केस आले. ते मी चिमट्यानं उपटायचे आणि आरसा लपवून ठेवायचे. जाडी, दाढीवाली, काळ्या मानेची. नावं ठेवायला लोकांना काय, सवडच सवड.

बारावीनंतर मी हिंगण्याला बिस्किटाच्या कारखान्यात लागले. पॅकिंगवर. कंपनीची बस सकाळी वस्तीच्या तोंडाशी यायची. आईला कोण आनंद झाला होता! मी घरी आले की माझे हात हुंगायची. शेजारणींना सांगायची, "माह्या पोट्टीच्या हाताले साखरेचा वास येते."

कारखान्यात एक पद्धत होती. आठवड्याभरात लाइनवर जी बिस्किटं तुटायची, त्यांना तुकडा म्हणायचे. शनिवारी तो तुकडा पिशव्या भरून कामगारांना फुकट वाटायचे. त्याची आम्हाला भारी ऐट. सकाळी चहा-तुकडा. कामावर तुकडा. पाहुणा आला, तुकडा. मला कायम केलं त्या दिवशी आईनं भाकरीची काठवट माळ्यावर टाकली.

"ज्वारी खूप खाल्ली आयुष्यभर. आता गरिबाचं खाणं पुरे झालं."

आम्हाला खरंच वाटलं की आमचे दिवस पालटले. मिरचीच्या ढिगातून आम्ही बिस्किटापर्यंत आलो होतो. याला प्रगती नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

पुढे आईच्या पायाला जखम झाली. साधी, चपलेची. ती भरेना. आई थकत गेली, पाण्याचे तांबेच्या तांबे प्यायला लागली. तोंडाला चव नाही म्हणायची, म्हणून मी तुकडा चहात बुडवून तिला माझ्या हातानं भरवायचे. ती लहान मुलीसारखी तोंड उघडायची. दवाखान्यात नेलं तेव्हा साखर खूप वाढलेली निघाली. पाय काळा पडला होता. आई नवव्या दिवशी गेली.

मी तिला प्रेमानं भरवत होते. हे वाक्य मी आजही पुरतं गिळू शकत नाही.

आई गेल्यावर सात महिने मला पाळी आली नाही. वहिनी मागे लागली म्हणून सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण होती, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं पाळीचं विचारलं, वजन केलं. मग म्हणाली, "ओढणी जरा काढता?"

ओढणी काढता काढता मी आधीच सांगून टाकलं, "घासली मॅडम. सकाळीच घासली."

तिनं मान पाहिली. हात लावला, हळूच.

"घासता कशाला? हा मळ नाही."

मला ऐकू आलं, पण कळलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं. शरीर इन्सुलिन नीट वापरत नाही, म्हणून ते जास्त बनवतं. त्यानं मान काळी पडते. पाळी चुकते, केस येतात, वजन वाढतं, सगळं त्याच माळेचं. पीसीओएस म्हणाली. "पुढे साखरेचा आजार होऊ शकतो. मान ही आधीची सूचना असते."

मी म्हटलं, "माझ्या आईचीही मान अशीच होती."

"त्यांना शुगर आहे?"

मी मान हलवली. म्हटलं, "होती."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. 

मी बाहेरच्या बाकड्यावर बसून रडले. कितीतरी जणांनी आईची मान पाहिली होती. कळमन्याच्या मुकादमानं, शेजारणींनी, तापाच्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरनं, मी. आजार तिच्या मानेवर उघडा होता, अन् आम्ही सगळे त्याला मळ म्हणत होतो. एकानं जरी विचारलं असतं! पण आमच्या मानेवर काळं दिसलं की कोणाला आजार आठवत नाही. आधी साबण आठवतो. आणि त्याहून वाईट म्हणजे आम्हालाही साबणच आठवला. वजरी माझ्या आईनंच उचलली होती.

डॉक्टरनं गोळ्या दिल्या. पण जास्त वेळ ती खाण्यावरच बोलली. तुकडा बंद, चहात साखर बंद. ज्वारीची भाकर, डाळ, चवळी-बरबटीची उसळ, पालेभाजी, अंडी, सुकट. रोज चालणं आणि पुरती झोप. "पूर्ण बरं होईल असं मी म्हणणार नाही. ताब्यात राहील. पण रोज करावं लागेल, आयुष्यभर."

घरी येऊन माळ्यावरची काठवट काढली. धुळीनं माखली होती. ती धुताना मला आईचा राग आला. आई मेलेली आणि मी तिच्यावर चिडलेली. मग स्वतःवर. पहिली भाकर तव्यावर फाटली. फाटकी भाकर, जवसाची चटणी. खाताना घास उतरत नव्हता, तरी खाल्ली.

कंपनीच्या बसमधून मी दोन थांबे आधी उतरायला लागले. ड्रायव्हर हसायचा, "काहून वं, बसचं डिझेल वाचवून राहिली का?" पाऊण तास चालत घरी. शनिवारची तुकड्याची पिशवी लाइनवरच ठेवायचे. फुकटचं नाकारलं की लोकांना फार लागतं. "लय मोठी झाली वं तू," बायका म्हणायच्या. काही महिन्यांनी पाळी आली. मग एक महिना चुकली, पुन्हा आली. वजन थोडं उतरलं. मान काळी ती काळीच, जराशी फिकी. जादू काही झाली नाही.

मग महिला दिन आला. कारखान्यात आरोग्याचा कार्यक्रम ठेवला. साहेबांच्या बायकोच्या ओळखीच्या एक बाई आल्या होत्या. सगळे त्यांना डाएट मॅडम म्हणत होते. टेबलावर त्यांच्या पावडरीचे डबे रचलेले. साहेब लोक खुर्च्यांवर, आम्ही कॅन्टीनच्या फरशीवर ताडपत्रीवर. बाई म्हणाल्या, उदाहरणासाठी कोणीतरी पुढे या. सुपरवायझरनं माझ्याकडे बोट दाखवलं. बायका हसल्या.

मी पुढे गेले. बाईंनी माझी ओढणी बाजूला केली.

"बघा. पौष्टिक खाणं नंतर. आधी स्वच्छता. तुमच्याकडे याच गोष्टीकडे लक्ष दिलं जात नाही."

त्यांनी पर्समधून ओला टिश्यू काढला.

तोच हात. तीच मान. मी सत्तावीस वर्षांची होते, पण क्षणभर आठवीतच उभी राहिले. कातडीला मिरची आठवली. आणि मग मी त्यांचं मनगट धरलं.

"हात लावू नका. हा मळ नाही."

"अगं, मी तुझ्या भल्यासाठीच..."

"मळ नाही म्हटलं ना!"

 मी मनगट सोडलं आणि बायकांकडे वळले. माझा आवाज फाटत होता.

"ज्यायची मान अशी काळी असन, त्यायनं आधी साखर तपासून घ्या. पाळी येत नसन तर दवाखान्यात जा. घासू नका बायांनो. माही माय घासत घासत मेली."

टाळ्या वाजल्या नाहीत. पुढच्या रांगेत दोघींनी पदर गळ्याभोवती आणखी ओढून घेतला, ते मात्र मी पाहिलं. साहेब म्हणाले, "बसून घ्या." मी बसले नाही. लाइनवर निघून गेले. दुसऱ्या दिवशी मला पॅकिंगवरून काढून भट्टीपाशी टाकलं. अजून तिथेच आहे. उकाडा सोसत नाही. तरी ओढणी मी त्या दिवसापासून घेत नाही.

हे सगळं आज लिहायला बसले ते तन्वीमुळे. तन्वी माझ्या दादाची मुलगी, सातवीत आहे. काल संध्याकाळी भट्टीवरून घरी आले तर ती मोरीत उभी. मान लालभडक. वहिनीच्या हातात वजरी. तीच, आईची.

"शायेतल्या मॅडमनं चिठ्ठी पाठवली," वहिनी म्हणाली. "पोरीले स्वच्छ पाठवत जा म्हणून. तू सांगतलं होतं, पण मले लाज वाटली वं."

 मी तिच्या हातून वजरी घेतली. तन्वीच्या मानेला खोबरेल तेल लावलं. ती विचारत होती, "आत्या, निघाला का?"  मी अंगणात जाऊन वजरी दगडावर ठेवली आणि दुसऱ्या दगडानं फोडली. तिचा चुरा होईपर्यंत फोडत राहिले.

सोमवारची सुट्टी मी टाकली आहे. पगार कापला तर कापू दे. आधी तन्वीला दवाखान्यात नेणार, डॉक्टरचा कागद घेणार, आणि मग तिचा हात धरून शाळेत जाणार. ऑफिसात नाही. वर्गात. मॅडमसमोर पाठ करून उभी राहीन, केस पुढे घेईन, आणि माझाच पांढरा रुमाल भिजवून त्यांच्या हातात देईन. सगळ्या वर्गादेखत सांगेन, "पोरीच्या मानेला हात लावायच्या आधी ही घासा. निघेपर्यंत घासा. आणि मग रुमाल या पोरांना दाखवा."