गजावरची खूण

बाबालालचाचा गेल्याचं त्यांच्या मुलीने, रुखसानाने फोनवर कळवलं तेव्हा मी शेवग्याच्या शेंगा सोलत होते. "काकी, आब्बा गेले... चहा पिले आनि भिंतीला टेकून बसले, तसंच." फोन ठेवला आणि काय करावं सुचेना. उठले, खुंटीवरची दुनळी बंदूक उतरवली आणि एकेक करून दोन्ही नळ्यांत गज सोडला. सुनेला वाटलं, सासूचं डोकं फिरलं. आता महिना होऊन गेला त्याला, पण तिला अजून नीट सांगितलेलं नाही. म्हणून इथे लिहिते.

रहिमतपूरजवळचं आमचं गाव. यात्रेत देवाची पालखी उठली की आमच्या ठासणीच्या दुनळीचा बार होतो, हा घराचा मान. छर्रा नाही, नुसती दारू. नळीच्या तोंडातून ती ओतायची, वर चिंधीचा बोळा घालायचा आणि लोखंडी गजाने ठासायचं. चिंध्या माझ्या जुन्या साड्यांच्या असत. हे, म्हणजे माझे यजमान, दोन्ही नळ्या घरूनच भरून नेत. पालखी उठताना उजवीचा बार, मग चालता चालता उजवी पुन्हा भरायची आणि देवळापुढे दोन्ही बार लागोपाठ. ह्यांच्या शेवटच्या यात्रेत पहिला बार झकास झाला. देवळापुढे मात्र उजवीचा घोडा पडला, त्याखालची ठिणगीची टोपी फुटली आणि बंदूक गप्प! पोरंटोरं फिदीफिदी हसली. मी मागून ओरडले, "डावी उडवा की! लाज तरी राखा." ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बंदूक खाली केली. "न्हाई. आज न्हाई." घरी येऊन ती खुंटीला टांगली ती टांगलीच. पुढच्या यात्रेआधी हे गेले. खरं सांगायचं तर त्या बाराचा राग ते गेल्यावरही माझ्या मनातून गेला नव्हता.

परवाना माझ्या नावावर झाला आणि मी ठरवलं, आता बार संदीप उडवेल. संदीप माझा मुलगा, शिरवळला कारखान्यात असतो. गेल्या वर्षी यात्रा चार दिवसांवर आली तेव्हा आम्ही दोघं बंदूक घेऊन मिरजेला चाचांकडे गेलो. सतारी करणाऱ्यांच्या गल्लीमागे त्यांची एक खोली, दारात मोठा चष्मा लावून बसलेले. अशा जुन्या बंदुका पारखणारा दुसरा माणूस आमच्या भागात कुणाला ठाऊक नव्हता. मी घाईतच म्हटलं, "चाचा, तेल घाला आणि घोडे तेवढे बघा. बाकी ठीक आहे. रिकामीच आहे ती."

"रिकामी हाय ह्ये मानूस सांगतंय," चाचा म्हणाले. "आपन गजाला इचारू."

मला राग आला. बायकांना बंदुकीतलं काय कळतंय, असंच ना? तसं बोलूनही दाखवलं. ते हसले नाहीत, चिडले नाहीत. बंदुकीचं तोंड कुणाकडे येणार नाही असं धरून त्यांनी उजव्या नळीत गज सोडला. ठण्ण! गज तळाला लागला. मग डावीत सोडला. आवाजच आला नाही. मघाशी आत गेलेला गज आता बराच बाहेर उभा राहिला होता.

"वहिनी, कितीनं वर हाय, तुमीच मोजा." मी बोटं लावली. आठ भरली. "एका बाराला चार लागत्यात," चाचा हळू म्हणाले. "हितं दोन हायती. एकावर एक."

त्यांनी संदीपला बाहेर उभं केलं, नळीत पाणी सोडलं आणि चहा झाल्यावर निवांतपणे टोकाला पेच असलेल्या गजाने एकेक जिन्नस वर काढला. हिरव्या काठाचा बोळा. भिजलेली काळी दारू. आणि तिच्याखालून पुन्हा एक बोळा, त्याच हिरव्या काठाचा. गर्दीत ह्यांनी उजवी समजून भरलेली डावीच पुन्हा भरली होती. मी म्हटलं, "चाचा, मी त्यांना डावी उडवा म्हणत होते हो..."

चाचांनी चष्मा काढला. "आवं, बरं झालं त्यांनी ऐकलं न्हाई. जुनी नळी हाय. फुटली असती."

मी कितीतरी वेळ रडले. ह्यांच्यासाठी असं मी ते गेले त्या दिवशीही रडले नव्हते. चाचा तोवर कामाला लागले. नळ्या लाकडी दस्त्यापासून सोडवून त्यांनी दोरीला टांगल्या आणि बोटाच्या पेराने टिचकी मारली. नाद खोलीभर फिरत राहिला. ते डोळे मिटून ऐकत होते आणि मी श्वास धरून त्यांच्याकडे पाहत होते. लोखंडाचं दुखणं कानाने ओळखणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. "तडा न्हाई," ते म्हणाले. "पोरगं उडवंल. पर दारू थोडी कमी." शेवटी त्यांनी कानशीने गजावर एक खाच पाडली. खाच नळीच्या तोंडाशी आली की नळी रिकामी.

परवा यंदाची यात्रा झाली. भरण्याआधी मी गज हातात घेतला तर संदीपने तो माझ्याकडून काढून घेतला. "आई, सकाळीच बघितलीय की तू!" असं म्हणत त्याने स्वतःच उजवीत सोडला, डावीत सोडला आणि दोन्ही वेळा खाचेवर अंगठा ठेवून पाहिलं. मग बार झाले. देवळापुढे डावीच्या बाराआधी तो क्षणभर थांबला आणि वळून माझ्याकडे पाहिलं, अगदी ह्यांच्यासारखं. मी तोंडाला पदर लावून गप्प उभी राहिले.