दगड की सेंटरिंग?

गेल्या शुक्रवारी आमच्या यवतमाळच्या ऑफिसात पुण्याहून एक ट्रेनर आले होते. विषय होता कम्युनिकेशन. साहेबांनी मला सकाळीच सांगून ठेवलं, इंटर्न मुलांना पुढच्या रांगेत बसवा, फोटो चांगले काढा… आणि परमनंट करण्याचा विषय कुणी काढणार नाही हे बघा.

हे शेवटचं मला खटकलं. मोकळेपणानं बोला असं ज्या दिवशी शिकवणार, त्याच दिवशी एका विषयावर बोलायचं नाही?

आमची माती-पाणी तपासायची खाजगी लॅब आहे, मी तिथं अॅडमिन बघते. इंटर्न मुलं गावोगाव फिरून शेतातले नमुने आणतात. काही महिन्यांनी ती जातात, नवी बॅच येते. 'चांगलं काम केलं तर इथंच घेऊ' हे प्रत्येक बॅचला सांगितलं जातं. माझ्या पाहण्यात अजून कुणाला घेतलेलं नाही. पण मी सगळ्या मीटिंगना नसते, तेव्हा खात्रीनं कसं म्हणू… असं मी स्वतःला सांगत आले.

या बॅचमध्ये घाटंजीकडची अश्विनी आहे. (नाव बदललंय, तिला विचारूनच लिहिते आहे.) तिला पांढरकवड्याच्या एका लॅबमध्ये नोकरी मिळत होती. पगार बेताचा, घर सोडून तिथंच राहावं लागणार, पण नोकरी पक्की, आणि त्यांना सोमवारी उत्तर हवं होतं. आठवडाभर ती माझ्या टेबलापाशी येऊन एकच विचारायची, "मॅडम, साहेब तं म्हनते तू आपलीच आहेस. मंग थांबू का जाऊ?"

मी म्हणायचे, साहेबांनाच विचार. तिनं विचारलंही होतं. "हो हो, बघू" एवढंच उत्तर.

ट्रेनर बोलायला छान होते. पडद्यावर त्यांनी एका जुन्या किल्ल्याच्या दरवाजाची कमान दाखवली. शेकडो वर्षं उभी आहे, दगडांमध्ये चुना नाही, लोखंड नाही… प्रत्येक दगड शेजारच्याच्या भरवशावर. कंपनीतलं बोलणंचालणं असंच हवं म्हणाले, आणि तुम्ही इंटर्न म्हणजे या कमानीचे दगड. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग आम्ही सगळ्यांनी.

कमान मला आवडली, खोटं कशाला सांगू. पण ती आम्हालाच का दाखवताहेत, हा किडा डोक्यात वळवळत होता. मग वाटलं, मला सगळ्यातच काळंबेरं दिसतं. माणूस चांगलं सांगतोय, ऐकावं की गुपचूप.

शेवटी 'काही प्रश्न?' झालं आणि अश्विनी उभी राहिली. "सर, अशी कमान बांधताना आधी खालून लाकडाचा आधार देतात ना? सेंटरिंगसारखा?"

"करेक्ट." ट्रेनर खूश.

"अन् मधातला दगड बसला की ते लाकूड काढून टाकतेत."

"अगदी बरोबर."

"मंग आमी दगड आहो का सेंटरिंग?"

मागं बसलेले आमचे ड्रायव्हर गजूभाऊ मला हळूच म्हणाले, "घ्या, आता काढा फोटो."

ट्रेनर हसले. गुड क्वेश्चन, चहानंतर बोलू म्हणाले. साहेब मोबाईलमध्ये काहीतरी शोधत होते.

चहाच्या वेळी साहेब माझ्याजवळ आले. "हे तिला तुम्ही शिकवलं का?" मी नाही म्हटलं, आणि ते खरंच होतं. तरी कान गरम झाले… कारण प्रश्न माझाही होता, विचारला मात्र तिनं.

जाता जाता म्हणाले, "असो. पुढच्या महिन्यात हे सगळे जातील. कॉलेजला फोन करून नव्या बॅचचं बघून ठेवा." यात अश्विनी धरली की नाही? मी विचारलं. "सगळे म्हणजे सगळे, मॅडम."

दुपारभर कामात लक्ष नव्हतं. ऑफिसातलं बोलणं बाहेर सांगावं का? साहेबांनाही वरूनच आलं असेल. माझ्या सांगण्यावरून ती गेली आणि तिकडे काही नीट झालं नाही तर? पण सोमवारी उत्तर तिला द्यायचं होतं, मला नाही.

संध्याकाळी ती बससाठी निघाली तेव्हा तिला गेटपाशी गाठलं. साहेबांचं वाक्य होतं तसं सांगितलं. माझे अंदाज, जुन्या बॅचेस, साहेबांबद्दलची मतं… त्यातलं काही नाही.

ती म्हणाली, "मले वाटलंच होतं. पन नुसतं वाटून घर नाही ना सोडता येत, मॅडम."

सोमवारी तिनं पांढरकवड्याला होकार कळवला. साहेबांनी पुन्हा विचारलं, तिला कुणी सांगितलं? या वेळी मी 'मी' म्हटलं. तेव्हापासून मी आत गेले की केबिनमधलं बोलणं थांबतं. माझ्याबद्दलच असेल, किंवा नसेलही.

काल कॉलेजला फोन केला. तिथल्या सरांना म्हटलं, इथं शिकायला मिळेल, पुढे नोकरी मिळेल असं मात्र मुलांना सांगू नका. ते म्हणाले, बरं झालं बोललात. तरी दोन मुली यायला तयार आहेत… आणि त्या आल्या की मला त्यांच्या नजरेला नजर देता येईल, यासाठी मी अश्विनीची आभारी आहे.