आडव्या झेंड्याची सभा

गावानं मला मुंबईला धाडलं ते एकाच अटीवर: संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत आपला झेंडा पहिल्या रांगेत दिसला पाहिजे. वेळूची काठी माझ्याहून हातभर उंच. कराडपासून मी तिला सांभाळलं की तिनं मला, सांगणं कठीण!

मावसभाऊ दिनकर भोईवाड्यात राहतो, गिरणीत साचे (माग) चालवतो. त्याच्या घरी जवळ्याचं (सुकवलेल्या बारीक कोळंबीचं) कालवण भरपेट चापून आम्ही दुपारीच दादरच्या चौपाटीवर पोहोचलो. समोर एवढा समुद्र बघून मास्तरकी विसरून मी टाळ्याच पिटल्या. मंचासमोर भुसभुशीत वाळूत एक करवंटी पालथी होती. ती भिरकावून मी काठी चांगली कोपरभर रोवली.

"अरं पावन्या, उपट ती काठी! खालती कासवाची अंडी हायत!"

डोक्यावर रिकामी पाटी घेतलेली एक कोळीण धावत आली. जानाबाई तिचं नाव. कोळीवाड्यातलं एकेक घर पाळीनं घरटं राखत होतं. आज पाळी तिची, आणि तिला म्हावरं (मासळी) विकून यायला जरा उशीर झालेला. अंड्यांच्या चोरांना कळू नये म्हणून खूण फक्त करवंटीची. मी घाबरत काठी उपटली. तिनं टोक हुंगलं.

"कोरडं हाय. पन आतलं देव जानं. पयले लई कासवं यायची, लोकांनी अंडी खाऊन संपवली. यंदा येकच आलं रं, त्याची ही अंडी आजउद्या फुटायची."

वर आता सभेची गर्दी लोटणार होती.

दिनकर म्हणाला, "मावशी, घाबरू नको. आमची चाळ बसते की इथे!"

सभेला आलेल्या भोईवाड्याच्या मंडळींनी घरट्याभोवती झेंड्यांच्या काठ्या आडव्या मांडल्या, बाहेर घरट्याकडे पाठ करून कडं केलं. माझं तोंड नेमकं समुद्राकडे. सगळी चौपाटी उठून घोषणा देत होती, आम्ही बसूनच ओरडत होतो. भाषण कुणाचं, कसलं, मला विचारू नका.

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी धरायची होती, पण पाय पहाटेच चौपाटीकडे वळले. जानाबाई तिथेच होती. वाळू हलली. एक इवलंसं काळं डोकं, मग दुसरं, मग बघता बघता पिल्लांची जत्राच लाटांकडे निघाली. सगळ्यांत शेवटचं पिल्लू माझ्या काठीनं पाडलेल्या भोकातून धडपडत वर आलं. जानाबाईनं माझ्या पाठीत धपाटा घातला, "जा आता घरी!" मी हसत होतो आणि डोळे पुसत होतो.

गावात एस.टी.तून उतरतो न उतरतो तोच पाटलांनी विचारलं, "काय मास्तर, झेंडा पहिल्या रांगेत फडकला का?"

"नाही पाटील, आडवा होता," मी म्हणालो. "पण त्याच्या आतलं एकूण एक सुखरूप समुद्राला पोचलं."