वाईट विचार

आमच्या घरात रेंज येते ती फक्त खळ्यात, तीही तुळशीकडच्या कोपऱ्यात. आत आलात की मोबाईल म्हणजे नुसती बॅटरी. त्यामुळे माझ्या डोक्याचा इलाज भर अंगणात, अख्ख्या वाडीदेखत चालायचा.

डॉक्टरबाईंना पहिल्यांदा रत्नागिरीला जाऊन दाखवलं होतं. नवरा मुंबईहून रजा काढून आला आणि घेऊन गेला. आमचं गाव देवरूखच्याही आत, एसटीनं जायचं-यायचं म्हणजे पुरता दिवस मोडतो, आणि नवऱ्याला दर महिन्याला रजा कोण देणार? बाई म्हणाल्या, यापुढे व्हिडिओ कॉलवर भेटू, गोळ्यांची चिठ्ठी मोबाईलवर पाठवीन. मला बरं वाटलं. बाई चांगल्या होत्या, बोलताना घड्याळाकडे बघत नव्हत्या.

मला झालं काय होतं? काही नाही. तेच तर! कुणी मारत नव्हतं, उपाशी नव्हते, नवरा दारूला शिवत नव्हता, पोरगी गोड होती. तरी सकाळी डोळे उघडले की पहिलं मनात यायचं, अरे देवा, परत उजाडलं. भाकरी थापता थापता हात थांबायचा आणि तवा जळत राहायचा. पोरगी मांडीवर रडायची आणि ते रडणं मला शेजारच्या घरातलं वाटायचं. सरळच सांगते, मला जगायचा कंटाळा आला होता. मरणाचा विचार मांजरासारखा न विचारता आत यायचा आणि चुलीपाशी बसून राहायचा. हाकलला तरी जायचा नाही.

एवढंच बाईंना सांगायचं होतं मला. रत्नागिरीला नवरा शेजारी बसला होता, त्याच्यासमोर जीभ उचलली नाही. म्हटलं, फोनवर सांगू.

फोनवर! आमच्याकडे व्हिडिओ कॉल म्हणजे काय असतं, ठाऊक आहे ना? मुंबईच्या चाकरमान्यांचा फोन आला की सगळं घर त्या एवढ्याशा काचेसमोर. म्हातारीकोतारी, पोरंबाळं, सगळ्यांनी हात हलवायचे, ओरडून ओरडून बोलायचं, झाडावरचा फणससुद्धा दाखवायचा. फोन एकट्याचा नसतोच. सासूबाईंनी डॉक्टरबाईंचा फोनही त्यातच जमा केला. पहिल्याच खेपेला तोंड धुऊन, ठेवणीतलं पातळ नेसून त्या माझ्याआधी येऊन बसल्या. शेजारच्या पडवीतून चुलतसासू उठून आल्या.

"डॉक्टरीणबाय, जेवलात काय?" सासूबाईंनी विचारलं.

"माजा गुडघा बगा ओ जरा," चुलतसासूंनी पातळ वर ओढलंच.

बाई हसल्या. म्हणाल्या, "त्यांना जरा एकटीला बोलू द्या हं."

"एकटीनं काय बोलायचा हाय? आमी काय परकी हाव?"

बाईंनी इअरफोन लावायला सांगितले तर सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. कानात बोंडं घालून सून आमच्या चुगल्या सांगते, असं त्यांच्या मनानं घेतलं. फोन घेऊन सड्यावर, वरच्या मोकळ्या कातळावर जाते म्हटलं तर पायात चपला सरकवून त्याही निघाल्या मागोमाग. शेवटी मी नाद सोडला.

मग काय, बाईंनी मला विचारायचं आणि उत्तर सासूबाईंनी द्यायचं. झोप? "लागते की." भूक? "जेवते बरी." गोळ्या? "मी सोता देतंय." आणि कसं वाटतंय म्हटलं की, "बरा हाय, बरा हाय!" मी आपली मधे बसलेली, दुकानातल्या बाहुलीसारखी.

अशातच भाताची झोडणी आली. शेजारच्या खळ्यात माणसं भारे आपटत होती आणि इकडे माझी तपासणी चालू. बाईंनी एकदम आवाज खाली आणून विचारलं, "मनात काही वाईट विचार येतात का?"

मी तोंड उघडलं. पण सासूबाई अंगावर पाल पडल्यासारख्या उसळल्या. "काय बोलताव काय, डॉक्टरीणबाय? वाईट विचार? माजी सून तसली नाय हां! नवरा मुंबईत ऱ्हातो, पन वर मान करून कुनाकडं बगत नाय ती!"

"व्हय ओ, त्या बाबतीत नाव ठेवायला जागा नाय," चुलतसासूंनी साक्ष दिली.

मला हसू फुटलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. आणि त्याच्या पाठोपाठ राग आला. वा रे वा! मी मेले तरी चालेल, चालचलणूक तेवढी चांगली पाहिजे!

"आई, तुम्ही गप्प बसा!" मी ओरडले. "डॉक्टर, मला मरावंसं वाटतं. रोज वाटतं."

काचेत बाई अर्धवट तोंड उघडून थिजल्या होत्या आणि त्यांच्या नाकावर ते चक्र गरागरा फिरत होतं. रेंज गेली होती. बाईंनी काहीच ऐकलं नव्हतं. ऐकलं होतं वाडीनं. शेजारची झोडणी थांबली. चुलतसासू पदर सावरत उठल्या आणि आपल्या घरात गेल्या.

थोड्या वेळानं फोन पुन्हा लागला. "हॅलो, आवाज तुटला होता. काय म्हणत होतात?"

माझ्यात होता नव्हता तो जोर एका वेळेपुरताच होता. मी खाली मान घातली. आता परत "बरा हाय" येणार, असं मनात म्हणते तोच सासूबाईंनी फोन दोन्ही हातांनी उचलून तोंडाजवळ धरला. ही बाई जन्मात कधी हळू बोललेली नाही. त्या दिवशी बोलली.

"ती मरायचा म्हनते. खरा हाय. मला ठावं हाय. गनपतीच्या आदी विहिरीवर जाऊन हुबी ऱ्हायची, हातात कळशी नाय, काय नाय. म्हनून तर मी विहिरीला जाळी बसवून घेतली."

जाळी! पाला पडतो म्हणून बसवली, असं मला सांगितलं होतं.

बाईंनी उद्याच्या उद्या रत्नागिरीला आणायला सांगितलं, तोवर क्षणभरही एकटीला सोडू नका म्हणाल्या. फोन बंद झाला. मी सासूबाईंचा दंड धरला. रडतही होते आणि त्यांना गदागदा हलवतही होते.

"ठाऊक होतं ना तुम्हाला? सगळं ठाऊक होतं! मग दर महिन्याला बरा हाय, बरा हाय काय लावलं होतंत?"

त्यांनी शेजारच्या खळ्याकडे नजर टाकली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "हळू बोल गो. सगळी ऐकत व्हती ना."